हक्कावरचा दरोडा कोणत्या कलमात बसतो?



घरात चोर शिरला, कोठीतली ज्वारी नेली, तर ठाण्यात कलम तयार आहे. गोठ्यातला बैल सोडून नेला, कलम आहे. उभ्या पऱ्हाटीत कुणी मुद्दाम ढोरं घातली, त्यालाही कलम आहे. पण समजा चार माणसं एका ओट्यावर बसली. एक खाकी घालणारा, एक दप्तर सांभाळणारा, एक पैसेवाला आणि एक गावातला वजनदार. चौघांनी ठरवलं की अमक्याला मत टाकू द्यायचं नाही, तमक्याला जमीन कसू द्यायची नाही, फलाण्याला कोर्टाची पायरी चढू द्यायची नाही. हा गुन्हा कोणत्या कलमात बसतो? ठाणेदाराला विचारून पहा. तो म्हणेल, मारहाण झाली का? झाली असेल तर मारहाणीचं कलम लावतो. नसेल झाली तर घरी जा. हक्क मारला गेला, त्याचं काय? हक्काचा पंचनामा होत नाही.

अमेरिकेत होतो. निदान कागदावर तरी १८७० पासून होतो. अमेरिकेचं नाव काढलं की आपल्याकडच्या पुस्तकी पुढाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि शहरी मंडळींच्या तोंडाला पाणी सुटतं. दोघांनीही थोडं थांबावं. ही गोष्ट न्यूयॉर्कच्या उंच इमारतींची नाही. लुइझियाना, मिसिसिपी, अर्कान्सा, जॉर्जिया ही कापसाची राज्यं. कापूस पिकवणारा, बटाईने जमीन करणारा, मालकाच्या दुकानातून उधारीवर पीठमीठ उचलणारा आणि उलंगवाडीला हिशेब मागितला की मार खाणारा माणूस हा या गोष्टीचा नायक आहे. म्हणून ती आपल्या पानावर आली आहे.

यादवी युद्ध १८६५ साली संपलं, गुलामगिरी गेली. काळा माणूस कायद्याने नागरिक झाला, त्याला मत मिळालं. ज्यांची गुलामं गेली त्यांना हे सोसलं नाही. त्यांनी कायदा बदलला नाही, त्याची त्यांना गरजही पडली नाही. रात्री तोंडं झाकून, पांढरे झगे घालून घोड्यांवरून निघायचं, मत टाकणाऱ्याला झोडपायचं, शाळा जाळायची, जमीन घेणाऱ्याला गावाबाहेर हाकलायचं. कू क्लक्स क्लॅन ती हीच. त्यांच्यावर खटला कोण भरणार? गावचा शेरीफ त्यांचा, पंच त्यांचे, न्यायाधीश त्यांचा. खून करायला कायद्याने बंदी होतीच की! बंदी होती, पण ज्याने पकडायचं तोच झग्याच्या आत होता.

म्हणून ३१ मे १८७० रोजी अमेरिकेच्या संसदेने कायदा केला. त्याचं सहावं कलम साध्या भाषेत असं: दोन किंवा अधिक माणसांनी संगनमत करून, किंवा वेष पालटून रस्त्यावर अथवा दुसऱ्याच्या आवारात जाऊन, एखाद्या नागरिकाला राज्यघटनेने वा देशाच्या कायद्याने दिलेला हक्क बजावू नये म्हणून इजा केली, छळलं, धमकावलं, तर तो केंद्राचा गुन्हा. शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद, पाच हजार डॉलरपर्यंत दंड, आणि वर आणखी एक: असा माणूस पुढे देशाच्या कोणत्याही सरकारी पदावर बसायला नालायक. ही शेवटची तरतूद ज्याने लिहिली त्याला गावगाडा कळत होता. वजनदार माणसाला तुरुंगाची जेवढी भीती नसते तेवढी खुर्ची जाण्याची असते. पुढे ती तरतूद गळाली. कशी गळाली असेल ते खुर्चीवर बसणाऱ्यांनाच विचारावं.

खटला राज्याच्या कोर्टात नाही, केंद्राच्या कोर्टात. तपास गावच्या शेरीफकडे नाही, केंद्राच्या माणसांकडे. सगळी गोम इथे आहे. त्याच वर्षी केंद्राचं न्यायखातं उभं राहिलं. ग्रँट राष्ट्राध्यक्ष होते आणि त्यांचे महान्यायवादी होते एमॉस ॲकरमन. हा माणूस जॉर्जियाचा, युद्धात दक्षिणेच्या बाजूने राहिलेला, पण कायदा म्हणजे कायदा मानणारा. १८७१ च्या ऑक्टोबरात दक्षिण कॅरोलिनाच्या नऊ परगण्यांत लष्कर पाठवून शेकडो लोकांना धरलं, खटले भरले. क्लॅन मोडली. वर्ष-दीड वर्षात मोडली! लोक म्हणतात कायद्याने काही होत नाही. सरकारला करायचं असलं की होतं, हे तेव्हा दिसलं. आणि सरकारला करायचं नसलं की काय होतं तेही लगेच दिसलं, कारण १८७१ सरता सरता ॲकरमन यांनाच राजीनामा द्यायला लावला गेला.

आता न्यायालयाची करामत ऐका. १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. लुइझियानातल्या कोलफॅक्स गावच्या कचेरीत काळे शेतकरी आपल्या बाजूचे निवडून आलेले अधिकारी टिकावेत म्हणून ठाण मांडून होते. गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कचेरीला आग लावली, बाहेर पडणाऱ्यांना टिपलं, शरण आलेल्यांनाही रात्री मारलं. मेलेले किती? साठपासून दीडशेपर्यंत आकडे सांगतात. काळ्या माणसाची प्रेतं नीट मोजायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नव्हती. नव्वदच्या वर लोकांवर आरोपपत्र झालं, खटल्याला उभे राहिले बोटांवर मोजण्याइतके, दोषी ठरले तीन. आणि १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने क्रुइकशँक खटल्यात त्या तिघांनाही सोडलं. कारण काय दिलं? सभा भरवण्याचा हक्क, शस्त्र बाळगण्याचा हक्क हे सरकारविरुद्धचे हक्क आहेत. ते खासगी माणसांनी मारले तर केंद्राचा संबंध नाही, राज्याकडे जा. आणि आरोपपत्रात वंशामुळे मारलं असं लिहिलेलंच नाही!

म्हणजे ज्या राज्याचा शेरीफ काही करत नाही म्हणून केंद्राचा कायदा केला, त्याच राज्याकडे परत जा. लांडग्याची तक्रार लांडग्याकडे. एवढं कायद्याचं पांडित्य आणि शेवटी हा निकाल. मतदानापुरता हक्क तेवढा न्यायालयाने १८८४ साली यारब्रो खटल्यात वाचवला: देशाच्या संसदेच्या निवडणुकीत मत टाकणाऱ्याला मारलं तर केंद्र शिक्षा करू शकतं. बाकी कायदा पुस्तकात राहिला आणि जीव गेला.

पण आपल्याला जवळची गोष्ट अर्कान्साची आहे. १९०० च्या सुमारास तिथे एक टोळी असायची, तोंडाला पांढरं फडकं बांधून फिरणारी. काम एकच: काळ्या कुळांनी जमीन खंडाने घेऊ नये. घेतली तर रात्री दारावर नोटीस, नाहीतर गोळी. याकोब ट्रिबर नावाचे केंद्राचे न्यायाधीश होते, लहानपणी युरोपातून आलेले ज्यू, हेलेना गावचे. १९०३ साली मॉरिस खटल्यात त्यांनी लिहिलं की जमीन खंडाने घेणं आणि कसणं हा स्वतंत्र माणसाचा मूलभूत हक्क आहे. तो हिरावायचा कट हा गुलामगिरी नष्ट करणाऱ्या घटनादुरुस्तीखाली गुन्हा होतो. भावांनो, जमीन कसण्याचा हक्क हा घटनेचा हक्क, असं कापसाच्या मुलखातला न्यायाधीश शंभर वर्षांपूर्वी म्हणाला. हे वाक्य मंडपात फळ्यावर लिहून ठेवा. तीनच वर्षांत, १९०६ साली, हॉजेस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मोडलं. लाकूडगिरणीतल्या काळ्या मजुरांना बंदुका दाखवून कामावरून हाकलणारे सुटले. दोन न्यायमूर्ती विरोधात गेले, हार्लन आणि डे. बाकी सात जणांना त्यात गुलामगिरीचा अंशही दिसला नाही.

या निकालाची किंमत तेरा वर्षांनी कुणी चुकवली? कापूसवाल्यांनीच. हेलेनापासून काही कोसांवर एलेन नावाचं गाव आहे. १९१९ चं साल, महायुद्धानंतर कापसाला भाव चढलेला. बटाईदारांनी आपली संघटना काढली. मागणी काय होती? राज्य उलथायचं नव्हतं. मालक आमचा कापूस किती भावाने विकतो ते सांगा, आमच्या नावावर दुकानातून किती उधारी चढवली त्याचा कलमवार हिशेब द्या, एवढंच. चुकारा आणि कटतीचा हिशेब मागणं म्हणजे काय असतं हे ज्याने ज्याने कधी मागितलं आहे त्याला सांगायला नको. लिटल रॉकचा एक गोरा वकील त्यांनी केला. ३० सप्टेंबरच्या रात्री एका चर्चमध्ये सभा चालू असताना बाहेर गोळीबार झाला, एक गोरा मेला. मग आसपासच्या परगण्यांतून, नदीपलीकडच्या मिसिसिपीतून सशस्त्र जमाव आले, गव्हर्नर ब्रो लष्कर घेऊन आले. पाच गोरे मेले. काळे किती मेले याचा हिशेब आजवर लागलेला नाही, शेकड्यांत बोलतात. वकिलाचा मुलगा कुळांची कागदपत्रं घ्यायला आला होता, त्याला महिनाभर कोंडलं.

खटला कुणावर झाला? मेलेल्यांच्या भाऊबंदांवर. १२२ काळ्या शेतकऱ्यांवर आरोप, बारा जणांना फाशी. एका खटल्याचं पाऊण तासात कामकाज आणि पाच मिनिटांच्या आत निकाल, असं पुढे सर्वोच्च न्यायालयासमोर मांडलं गेलं. ज्यांनी शेकड्यांनी माणसं मारली त्यांच्यातल्या एकावरही खटला नाही. सरकारी बाजूने सांगितलेली कहाणी कोणती, तर काळ्यांनीच मालकांना ठार मारायचा कट केला होता! हिशेब मागणाऱ्यांची सभा हा कट, आणि तीन-चार परगण्यांतून बंदुका घेऊन आलेला जमाव म्हणजे बंदोबस्त. त्या बारा जणांना स्किपिओ आफ्रिकानस जोन्स या काळ्या वकिलाने लढून वाचवलं. १९२३ च्या मूर विरुद्ध डेम्प्सी निकालात न्यायमूर्ती होम्स यांनी म्हटलं की जमावाच्या दहशतीखाली चाललेला खटला हा खटलाच नव्हे, आणि १९२५ पर्यंत बाराही सुटले. जीव वाचले. संघटना मात्र संपली होती, कापूस मालकाच्याच काट्यावर गेला.

इथे थोडं थांबून 'कट' या शब्दाकडे पाहू. हा शब्द मुळात आपल्यासारख्यांच्या विरोधातच घडवलेला आहे. फिलाडेल्फियाच्या जोडे शिवणाऱ्या कारागिरांनी १८०६ साली ठरवलं की इतक्या मजुरीखाली काम करायचं नाही. त्यांना कटाच्या गुन्ह्यात दंड झाला. एकट्याने जास्त दाम मागितला तर व्यवहार, दहांनी मिळून मागितला तर गुन्हा. आपल्या दंडसंहितेत १२०-अ कलम इंग्रजांनी १९१३ साली घुसवलं, ते कुणाच्या हक्काच्या रक्षणासाठी नव्हे, राज्य उलथू पाहणाऱ्यांसाठी. १९२९ चा मीरत खटला कामगार पुढाऱ्यांवरच होता. १८७० च्या अमेरिकन कायद्याचं मोठेपण हे की त्याने हे हत्यार उलटं फिरवलं. एकत्र येऊन हक्क मागणारा कटवाला नाही, एकत्र येऊन दुसऱ्याचा हक्क मारणारा कटवाला.

तो कायदा पुन्हा कधी जागा झाला? १९६४ साली. २१ जूनला मिसिसिपीच्या नेशोबा परगण्यात मतदार नोंदणीच्या चळवळीतले तीन तरुण, जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन, मायकेल श्वर्नर, जळालेलं चर्च पाहायला गेले होते. उपशेरीफ सेसिल प्राइसने वेगात गाडी चालवल्याच्या नावाखाली पकडलं, तुरुंगात ठेवलं, रात्री सोडलं, पुन्हा वाटेत अडवलं आणि क्लॅनच्या हवाली केलं. ४ ऑगस्टला प्रेतं एका मातीच्या धरणाखाली सापडली. मिसिसिपी राज्याने खुनाचा खटला भरलाच नाही. तेव्हा केंद्राने जुनं कलम काढलं, आताच्या संहितेत त्याचा क्रमांक २४१. जिल्हा न्यायाधीश कॉक्स यांनी त्यातला बहुतेक भाग फेटाळला. १९६६ साली प्राइस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी अधिकाऱ्याबरोबर हातमिळवणी करणारा खासगी माणूसही सरकारी अधिकारानेच वागला असं धरायचं. ओट्यावरच्या चौघांना एका दोरीत बांधणारं वाक्य हेच. १९६७ साली अठरांपैकी सात दोषी ठरले, तीही सगळ्या गोऱ्या पंचांकडून. शिक्षा तीन ते दहा वर्षं. तीन खुनांना दहा वर्षं म्हणजे थट्टाच. पण राज्य तर तेवढीही द्यायला तयार नव्हतं. १९६८ साली कायदा सुधारला, मृत्यू घडला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आली. राज्याने आपला पहिला खुनाचा खटला चालवला तो २००५ साली, एक्केचाळीस वर्षांनी, एका ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यावर, आणि त्यालाही सदोष मनुष्यवधावर दोषी धरलं.

हल्लीचीच गोष्ट घ्या. त्याच मिसिसिपीत रँकिन परगण्याच्या सहा पोलिसांनी जानेवारी २०२३ मध्ये वॉरंट नसताना घरात घुसून दोन काळ्या माणसांचा छळ केला. हक्कांविरुद्धच्या कटासह सगळे गुन्हे त्यांना कबूल करावे लागले आणि मार्च २०२४ मध्ये दहा ते चाळीस वर्षांच्या शिक्षा झाल्या. उलट उदाहरणही देतो, नाहीतर म्हणाल एकच बाजू सांगितली. ऑगस्ट २०२३ मध्ये हेच कलम २४१ डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर, २०२० च्या निवडणुकीत लोकांची मतं मोजली जाण्याचा हक्क मारल्याच्या आरोपाने लावलं गेलं. ते निवडून आले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये खटला काढून घेतला गेला, आरोप खरे की खोटे हे कोर्टात ठरलंच नाही. म्हणजे किल्ली शेवटी सरकारी वकिलाच्याच कमरेला. तिथेही.

आता आपल्या घरी या. आपली घटना हक्कांची यादी देते, आणि त्या यादीतला हक्क मारायचा कट हा स्वतंत्र गुन्हा कुठे आहे? सरकारी नोकराने जाणूनबुजून कायदा मोडून कुणाला इजा पोचवली तर जुन्या १६६ कलमात, आताच्या न्याय संहितेच्या १९८ मध्ये, शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष साधी कैद. आणि एवढ्याशा गुन्ह्याचा कट केला तर? कटाच्या कलमाप्रमाणे सहा महिने. शेळी चोरण्याला तीन वर्षं, आणि कायद्याच्या खुर्चीत बसून माणसाचा हक्क मारायचं ठरवण्याला सहा महिने! तीही केव्हा? सरकारने आपल्या नोकरावर खटला भरायला मंजुरी दिली तर. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायची सोय आली आहे, ती बरीच म्हणायची. पण 'नाही' म्हणायला एक दिवसही पुरतो.

कुणी म्हणेल, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. आहेत, आणि दुसऱ्याच्या चौथ्या कलमात कर्तव्यात हयगय करणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा आहे. ते हवेतच. अस्पृश्यतेच्या आणि जातीच्या अत्याचारापुरते ते आहेत, आणि तिथेही ठाण्यात नोंद करवून घेताना काय नाकीनऊ येतात ते आपल्यातल्या दलित भावांना विचारा. आणि हे बोलायला जड जातं तरी बोलतो: ओट्यावरचे चौघे दरवेळी बाहेरचेच असतात असं नाही. मजुरी वाढवून मागितली म्हणून वस्तीचं पाणी, दुकान, चक्की बंद करायचं ठरवणारी बैठक आपल्याच खातेदारांच्या वाड्यात भरते. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, २०१७ पासून तो लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. किती गावांत तो वाचला गेला?

चळवळीतल्या काही जुन्या जाणत्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे. कायदे वाढले की इन्स्पेक्टर वाढतो, इन्स्पेक्टर वाढला की हप्ता वाढतो. खरं आहे. एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात आपलाच कापूस सीमेपलीकडे नेणं गुन्हा होता, गाड्या अडवणारा कायद्यानेच अडवत होता. कायदाच हक्क मारतो तेव्हा हे कलम उपयोगी पडत नाही, ती लढाई वेगळी. व्यापाऱ्यांनी मिळून भाव पाडला तरी हे कलम लागत नाही. त्यासाठी २००२ चा स्पर्धा कायदा आहे, तो काय करतो हा वेगळ्या लेखाचा विषय. पण परवाना देणारा कायदा आणि परवाना देणाऱ्याला वेसण घालणारा कायदा यात फरक आहे की नाही? पहिला शेतकऱ्याच्या दारात इन्स्पेक्टर आणतो, दुसरा इन्स्पेक्टरला पिंजऱ्यात उभा करतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. कट म्हणजे ठरवणं, आणि काय ठरलं ते सिद्ध करायला फुटलेला साक्षीदार पुरतो. असं सैल हत्यार सरकारच्या हाती दिलं तर उद्या रास्ता रोको हाच प्रवाशांचा हक्क मारण्याचा कट ठरेल. ही भीती खोटी नाही, एलेनमध्ये नेमकं हेच झालं. अमेरिकेत १९४५ साली न्यायालयाने जॉर्जियाच्या स्क्रूज नावाच्या शेरीफच्या खटल्यात जोडकलमाला अट घातली की ठरावीक हक्क मारण्याचा हेतू जाणूनबुजून हवा. त्या अटीचा आधार घेऊन तो शेरीफ फेरखटल्यात सुटला आणि पुढे राज्याच्या सिनेटवर निवडूनही गेला. म्हणजे शब्द घट्ट केले की शेरीफ सुटतो, सैल ठेवले की आंदोलक अडकतो. मला विचाराल तर शब्द घट्टच हवेत, आणि सुटणाऱ्या शेरीफची वाट दुसरीकडून अडवावी. १८७१ च्या कायद्याने ती अडवली आहे: ज्याचा हक्क गेला तो सरकारी वकिलाचं तोंड न पाहता स्वतः नुकसानभरपाईचा दावा लावू शकतो. आजही असे दावे तिथे रोज लागतात.

मेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी ठरावाचा मसुदा वाचला जाईल. त्यात मागणी अशी आहे: घटनेने दिलेला ठरावीक हक्क मारण्यासाठी दोन किंवा अधिकांनी, त्यात एक तरी सरकारी नोकर वा निवडून आलेला प्रतिनिधी असताना, धाकदपटशाने संगनमत केलं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि पदावर कायमची बंदी; अशा खटल्याला सरकारी मंजुरी नको; तपास त्या जिल्ह्याच्या पोलिसांकडे नको; शांततेने केलेली सभा, संप आणि रस्त्यावरचं आंदोलन यातून स्पष्ट शब्दांत वगळावं; आणि पीडिताला स्वतः दावा लावता यावा. शेवटी एक वाक्य आहे की संघटनेचा कोणताही सभासद सामाजिक बहिष्काराच्या बैठकीत बसला तर त्याचं सभासदत्व त्या दिवशी संपलं. या वाक्यावर आतापासूनच कुजबुज सुरू आहे. ज्याची हरकत असेल त्याने मंडपामागे नव्हे, माइकवर येऊन नाव सांगून बोलावं, मगच मतास टाकू.